प्रज्ञाताईंची राखण

प्रज्ञाताईंना मी आधी ऐकले आणि नंतर पाहिले. डोंबिवलीत कोपरच्या बाजूला, जिथे रस्ता खाडीकडे उतरतो, तिथल्या शेवटच्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. सामानाची खोकी अजून दोरीसकट भिंतीला टेकलेली होती. दिवेलागणीला फोन वाजला आणि पलीकडून एक आवाज आला. स्वच्छ, बेताचा, प्रत्येक अक्षराला त्याची जागा देणारा.

"नमस्कार. वैद्यसाहेब बोलताहेत ना? मी आपल्या वरच्या मजल्यावरची प्रज्ञा. दोन मिनिटं आहेत?"

"आहेत की."

"आपल्या मागच्या बाल्कनीत दिवा लागलेला आहे. तिथे कोणी बसलंय का?"

"नाही. चुकून राहिला असेल."

"मग मालवता का? मागे खाजण आहे. तिथे या वेळेला काहीजण झोपायच्या बेतात असतात आणि काहीजण उठायच्या. उजेडाचा दोघांनाही त्रास होतो."

मी दिवा मालवला आणि तिथेच उभा राहिलो. डोळे सरावल्यावर समोरचे दिसू लागले. भरतीचे पाणी पसरते ती सपाट, खारट जमीन, तिच्यावर विरळ गवत, मध्ये एक चमकणारी पाण्याची रेघ आणि तिच्या टोकाला तिवरांची काळी किनार. त्या काठावरून कसला तरी लांबट आवाज आला. पुढे कळले की तो कोल्हा होता. डोंबिवलीत कोल्हा आहे, हे मला उतारवयात एक दिवा मालवल्यावर समजले. मग मी वाकून आमच्या इमारतीकडे पाहिले. पुढच्या बाजूला नेहमीची रोषणाई होती, पण मागची बाजू तळापासून गच्चीपर्यंत अंधारी होती. प्रत्येक घरात कधी ना कधी असाच एक फोन गेलेला होता.

विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात माझा जन्म गेला. दुसऱ्यांच्या सहीची पत्रे मी पुष्कळ लिहिली, स्वतःच्या नावाने काही लिहिण्याचे धैर्य कधी झाले नाही. प्रज्ञाताईंविषयी लिहिण्यासाठी याहून सराईत हात हवा होता, हे मला ठाऊक आहे. परंतु तो कोणी पुढे आला नाही.

प्रज्ञाताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्या. उंच, शिडशिडीत, खळ घातलेली सुती साडी, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली आईवडिलांचा फोटो, आणि त्या फोटोखाली तिपाईवर काळा लँडलाइन फोन. हॉलमधली खुर्ची खिडकीकडे वळवलेली नसून फोनकडे वळवलेली असे. लग्न त्यांनी केले नव्हते. का, ते विचारण्याइतका माझा आणि धिटाईचा परिचय नाही.

निसर्गावर प्रेम करणाऱ्या माणसांजवळ दुर्बीण असते, कॅमेरा असतो, निदान एक खास टोपी तरी असते. ताईंकडे यांतले काही नव्हते. मी एकदा म्हटले, "ताई, एक बरीशी दुर्बीण का घेत नाही तुम्ही?"

"दुर्बिणीतून पक्षी दिसतो हो, वैद्यसाहेब. जागा दिसत नाही. पक्षी आपलं आपण बघून घेतो. जागा गेली तर त्याला काही करता येत नाही."

त्यांची कामाची रीतही अशीच उलटी होती. समाजकार्य करणारी माणसे आपल्याला काहीतरी करायला सांगतात. ताई न करायला सांगत. "मी तुम्हाला एकही काम सांगणार नाही," अशीच त्यांची सुरुवात असायची, "फक्त एक गोष्ट करू नका." तळमजल्यावरच्या गृहस्थांना त्यांनी सांगितले, सकाळी खाजणावर कुत्र्याचा पट्टा सोडू नका. गणपती मंडळाच्या पोरांना सांगितले, निर्माल्य पिशवीसकट खाडीत टाकू नका. झाडलोट करणाऱ्या शांताबाईंना सांगितले, कुंपणाच्या कडेचा पाला जाळू नका, उचलूही नका, तिथेच राहू दे.

"आणि सेक्रेटरी मला बोलला म्हंजे, कचरा का नाय काढला?" शांताबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारले.

"त्याला माझ्याकडे पाठव. तुझं काम मी कमी केलंय, वाढवलं नाही."

"येवढी वर्सं झाडू मारला, पण न मारायचा पगार पहिल्यांदाच घेते बघा," शांताबाई म्हणाल्या आणि झाडू खांद्यावर टाकून निघाल्या. त्या पाल्यात किडे झाले, किड्यांमागून दयाळ पक्ष्यांची जोडी आली. त्यानंतर कोणी नवखा माणूस तिथे झाडू घेऊन वाकला, तर त्याच्यावर पहिल्या ओरडत त्या शांताबाईच.

घुबडाची सभा मला अजून जशीच्या तशी आठवते. लिफ्टच्या यंत्राची खोली गच्चीवर होती. तिच्या फुटक्या झरोक्यात एक गव्हाणी घुबड राहू लागले होते. पांढऱ्या, बदामी तोंडाचे, रंग लावून आल्यासारखे. त्याच सुमारास पार्किंगमध्ये उंदीर झाले होते, म्हणून सभेपुढे दोन विषय होते, उंदरांना विष घालणे आणि घुबड हाकलणे.

बेंद्रेकाकूंनी तोंड उघडले. "डोक्यावर घुबड घेऊन राहायचं का आम्ही? लेकीचं लग्न जमायचंय माझ्या. अपशकुन नको बाई दारात."

ताई शेवटच्या रांगेतून उठल्या. "काकू, मला शकुन-अपशकुन कळत नाही. मला उंदीर कळतात. तुमच्या गाडीची वायर कोणी कुरतडली?"

"उंदरांनी. दुसरं कोण?"

"आणि उंदीर कोण खातं?"

मागून एकजण म्हणाला, "म्हणजे तो आपला फुकटचा वॉचमनच झाला की!"

"वॉचमन नव्हे, शेजारी," ताई म्हणाल्या. "पण विष खाल्लेला उंदीर त्यानं उचलला तर तोही मरेल. म्हणून विष नको. पिंजरे लावा, आणि कचऱ्याच्या डब्यांना झाकणं घाला. निम्मे उंदीर आपणच पोसलेत."

"ते ठीक आहे हो," बेंद्रेकाकू म्हणाल्या, "पण मला त्याचं तोंड बघायला लावू नका."

"त्यालाही तसंच वाटत असेल, काकू."

सभा हसली. सर्वांत मोठ्याने काकूच हसल्या. दोन्ही विषय एकदम निकालात निघाले. काकूंच्या लेकीचे लग्न पुढे यथावकाश झाले, आणि गच्चीवर मांडव घालताना लिफ्टच्या खोलीकडच्या बाजूला स्पीकर लावू नका, असे काकूंनीच मांडववाल्याला बजावले.

एवढे सांगितल्यावर ताईंचा शब्द आमच्याकडे खाली पडत नसे, असे वाटेल. परंतु त्यांच्यावर कठीण प्रसंग आला तो वाईट माणसांमुळे नव्हे. तो चांगल्या माणसांमुळे आला.

केतन हा आमचा तरुण सेक्रेटरी. आयटीत कामाला, उत्साही, मनाचा निर्मळ. तो ताईंना गुरू मानत असे. एका उन्हाळ्यात तो त्यांच्याकडे धावत आला, तेव्हा मी तिथे वर्तमानपत्र परत करायला गेलो होतो.

"ताई, सरप्राइज! मिरगाच्या तोंडाला वृक्षारोपण करतोय. ऑफिसचे लोक येणार, ट्रकभर रोपं येणार. वड, पिंपळ, कडुनिंब. सगळी देशी हां! तुम्हीच सांगता ना, परदेशी नको म्हणून. आणि पहिलं रोप तुमच्या हातून."

"छान. कुठे लावणार?"

"मागे, खाजणावर. जागावाल्या भगवानदादांनी परमिशन दिली. नुसती रिकामी तर पडलीय जागा."

ताईंनी त्याला हाताला धरून खिडकीपाशी नेले. "काय दिसतंय?"

"काहीच नाही."

"तेच. चारी बाजूंना काहीच नाही, म्हणूनच टिटवी तिथे उघड्यावर अंडी घालते. कोण येतंय ते तिला लांबून दिसायला लागतं. तिथे झाडं आली की कावळ्याला बसायला जागा होईल आणि तिचं दिसणं बंद होईल. थंडीत तुतारी पक्षी येतात, त्यांनाही उघडा चिखलच लागतो. ती जागा रिकामी नाहीये, केतन. भरलेली आहे."

केतनचा चेहरा उतरला. "ताई, तुम्ही झाडांना नाही म्हणताय? मी लोकांना काय सांगू आता? टी-शर्टसुद्धा छापायला दिलेत."

"झाडांना नाही म्हणत नाही रे मी. झाडं जिथे लागतात तिथे लाव. मी येते खड्डे खणायला."

तो "बघतो" म्हणून गेला. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात वेगळे सूर ऐकू येऊ लागले. 'ताईंना न विचारता ठरवलं ना, म्हणून.' 'पर्यावरणवाल्याच झाडांना विरोध करायला लागल्या म्हणजे कमालच!' ताईंचे फोन लोक आता लवकर आटोपते घेत. त्या मात्र पूर्वीच्याच आवाजात, पूर्वीइतक्याच वेळा नमस्कार म्हणत राहिल्या. मला आजही जे नवल वाटते ते याचे. विरोध सहन करणारी माणसे मी पाहिली आहेत. प्रेम करणाऱ्यांचा गैरसमज सहन करून आवाज न चढवणारे दुसरे माणूस मी पाहिलेले नाही.

मग एका सकाळी त्या मला म्हणाल्या, "भगवानदादांकडे जायचंय. सोबत येता? बोलू नका, नुसते बसा." हे काम मला उत्तम जमते.

भगवानदादा त्या खाजणाचे मालक. आजोबांच्या वेळेला तिथे खाऱ्या पाण्यातला भात पिकत असे, नंतर काही काळ मिठागर होते. आसपासच्या त्यांच्या जमिनीवर आता इमारती उभ्या होत्या. पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात जाड साखळी, आणि बोलणे मात्र अजून गावाचेच.

"ये मावशे, बस. सायेब, तुमी पन बसा. मना समजला तू कशाला आलीस ते. जागा आमची, झाडं लावनार ती पोरं, मंग तुजा काय जातं?"

"माझं काही जात नाही, दादा. तुम्हाला तिथे झाडं कशासाठी हवीत, तेवढं विचारायला आले."

"मना कशाला पायजेत झाडं? अगो, रिकामी जागा दिसली का डंपरवाले भराव टाकून पलतात. एक गाडी पडली का दुसरी येते. पल्याडची जागा तशीच गेली, डोल्यांदेखत. झाडं असली म्हंजे मानसांची येजा राहते. कोनाचं तरी लक्ष राहतं."

"म्हणजे तुम्हाला झाडं नकोत. लक्ष हवंय."

दादा हसले. "तसाच समज."

"लक्ष आम्ही ठेवू."

"कोन? तुमचे बिल्डिंगवाले? ते एशी लावून खिडक्या बंद करून बसलेत."

"त्या खिडक्या उघडणं माझ्याकडे लागलं."

"बघ बाय. मिरगापर्यंत. एकदा चिखल जाला का गाडी आत येत नाय. पन तवर एक जरी गाडी भराव पडला ना, तं झाडं लागनार. मंग तू बोलायचं नाय आनि मी आयकायचं नाय."

"कबूल."

परत येताना मी न राहवून म्हटले, "ताई, अख्खा वैशाख जायचाय अजून. भरदिवसा, भरउन्हात कोण पहारा करणार?"

"पहारा कशाला? लोक खिडकीतून बघतातच. कोण कधी बघतं, तेवढं जुळवायचं."

आणि त्यांनी ते जुळवले. कोणत्या घरात पोळ्या कधी होतात, कोण दुपारी मागच्या बाल्कनीत तांदूळ निवडत बसते, कोणाचा चहा चारला असतो, कोण घरून काम करताना खिडकीशी बसते, हे सगळे त्यांना फोनवर ऐकून ठाऊक होते. कोणालाही त्यांनी वेगळे बसवले नाही. "तुम्ही एरवी पाहता तेवढंच पाहा. डंपर वळताना दिसला तर हा एक नंबर लावा." प्रत्येकाला फक्त पुढच्या माणसाचा नंबर. तो उचलत नसेल तर ताईंचा. साखळीच्या शेवटी भगवानदादा.

चौथ्या मजल्यावरच्या मुलीने सुचवले, "आजी, ग्रुपच करू ना. एक मेसेज टाकला की सगळ्यांना कळेल."

"ग्रुपवर सगळे वाचतात आणि कोणी उठत नाही, बाळा. फोन वाजला की उचलावाच लागतो."

शेवटची सूचना सगळ्यांना सारखीच होती. "बाल्कनीत या आणि उभे राहा. ओरडायचं नाही. ओरडलात की समोरचा माणूस हट्टाला पेटतो. नुसतं बघायचं."

रागावलेली माणसेसुद्धा यात सामील झाली, कारण मागितले होते ते इतके थोडे, की नाही म्हणायला लाज वाटावी. केतनचा नंबर मात्र त्यांनी साखळीत घातला नाही. "दुखावलाय तो. त्याला भीड नको घालायला," म्हणाल्या.

तो दिवस आला तो मिरग अगदी तोंडावर असताना. दुपारची वेळ. घामाच्या धारा लागलेल्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझा फोन वाजला. बेंद्रेकाकू होत्या. धाप लागलेल्या.

"अहो, आला! डंपर आला! माझे हात बरबटलेत लोणच्याच्या मसाल्यानं, फोन तिखट झाला सगळा. पुढे लावा, पुढे लावा!"

मी पुढचा नंबर लावला. पलीकडच्याने काही विचारले नाही. मग मी बाल्कनीत आलो. मातीने शीगोशीग भरलेला डंपर रस्ता सोडून खाजणाकडच्या कच्च्या वाटेला लागला होता. दाराच्या कड्या निघाल्याचे आवाज वरखाली ऐकू येऊ लागले. खाली वाकून पाहिले, वर मान करून पाहिले. एकेक बाल्कनी भरत होती. ओला टॉवेल गुंडाळलेले एक आजोबा, कणकेच्या हातांच्या दोघी, कडेवर मूल घेतलेली कोणी, खाली पुढच्या दारातून धावत मागे आलेल्या शांताबाई. आणि दुसऱ्या मजल्यावर, कानाला हेडफोन तसाच लावलेला केतन. त्याला कोणीही फोन केलेला नव्हता. शेजारच्या भिंतीपलीकडची रिंग ऐकून तो उठून आला होता. कोणी हूं की चूं करीत नव्हते. अख्खी इमारत उभी राहून एका माणसाकडे पाहत होती.

ड्रायव्हर खाली उतरला. मागचा फाळका काढायला त्याने हात घातला आणि सहज वर पाहिले. त्याचा हात तिथेच राहिला. मग त्याने पुन्हा एकदा, मजल्यामजल्याने, वरपर्यंत पाहिले. तेवढ्यात भगवानदादांची स्कूटर धुरळा उडवीत आली. दादा शिव्या देणार असे मला वाटले. त्यांनी फक्त बोट वर करून आमच्या इमारतीकडे दाखवले. ड्रायव्हरने फाळक्यावरचा हात काढला, गाडीत चढला, आणि डंपर मागे मागे येत रस्त्याला लागून निघून गेला. आयुष्यात देवळात, घाटात, समुद्रकाठी माझे हात आपोआप जुळले आहेत. त्या दुपारी ते आमच्याच इमारतीसाठी जुळले.

मी धावत वर ताईंकडे गेलो. त्या बाल्कनीत नव्हत्या. आत, तिपाईशेजारच्या खुर्चीवर, फोनवर हात ठेवून बसल्या होत्या.

"ताई, तुम्ही पाहिलं नाही?"

"कुठे नंबर लागला नसता तर मला फोन आला असता ना. जागा सोडून कशी येऊ? गेला का?"

"गेला."

"माती?"

"मूठभरसुद्धा पडली नाही."

त्यांनी फोनवरचा हात काढला. बोटे जरा वेळ तशीच वाकलेली राहिली.

मिरग लागला, वाटेचा चिखल झाला, आणि भगवानदादांनी शब्द पाळला. केतनने ट्रकभर रोपे माजिवड्याला आपल्या मावशीच्या सोसायटीत नेली. तिथे नुसते काँक्रीट होते, सावलीला एक झाड नव्हते. ताई सांगितल्याप्रमाणे खड्डे खणायला गेल्या. केतनने त्यांना टी-शर्ट दिला, तो त्यांनी साडीवरून घातला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना शहाडला जावे लागले. धाकटी बहीण अंथरुणाला खिळली होती, करणारे कोणी नव्हते. "येईन अधूनमधून," म्हणाल्या होत्या. पण त्याच हिवाळ्यात, बहिणीच्या आधी त्याच गेल्या. तेव्हा आता सांगतो ते माझे त्यांना शेवटचे पाहणे.

पावसाने उघडीप दिली होती आणि ऊन कडक पडले होते. मी त्यांची बॅग रिक्षात ठेवत होतो. स्टेशनपर्यंत सोबत जायचे ठरले होते. इतक्यात भगवानदादा पायीच आले, गुडघ्यापर्यंत चिखल लागलेले.

"मावशे, थांब थांब. टिटवीची अंडी फुटली. चार पिल्लं हायत, कापसाच्या बोंडावानी. धावतात पन. अंडी तं तू बघितली असशीलच."

"नाही हो. मी गेलेच नाही कधी तिकडे."

"येवढा सगला केलास, नि बघितली पन नायस?"

"मी गेले असते तर ती उठली असती. अंडी उन्हात उघडी पडली असती."

"बरा, आता तं पिल्लं हायत ना. चल, मी दाखवतो. दोन मिंटांचं काम."

ताईंनी खाजणाकडे पाहिले. चष्मा डोळ्यांना लावला. एक पाय त्यांनी त्या बाजूला टाकलासुद्धा, आणि मला वाटले, आता जातील. जायलाच हव्या होत्या. मग त्यांनी वर उन्हाकडे पाहिले, चष्मा काढला, आणि गळ्यातल्या साखळीवर सोडून दिला.

"आत्ता पंखांखाली बसली असतील हो, दादा. कशाला उठवायचं?"

त्या रिक्षात बसल्या. मी शेजारी बसलो. खाजणाच्या कडेने रिक्षा निघाली आणि गवतातून टिटवी उसळली. कर्कश ओरडत ती सरळ रिक्षाच्या टपावर झेपावली, वळली, पुन्हा झेपावली. जगातल्या कोणत्याही गाडीवर, कोणत्याही कुत्र्यावर ती जशी धावून जाईल, तशीच. प्रज्ञाताई पुढे वाकल्या आणि त्यांनी रिक्षावाल्याच्या खांद्याला हलकेच हात लावला.

"दादा, जरा लवकर घ्या. आपल्याला घाबरलीय ती."